रॉक म्हणजे आमच्याकडं दगड

आमच्या महाड-पोलादपूरकडं ‘रॉक’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या घाटात आला? दुसरा येतो, रस्ता कधी मोकळा होणार? आंबेनळी, वरंध आणि कशेडी अशा तीन घाटांच्या पायथ्याशी बसलेल्या माणसाची संगीताची जाण पावसाळ्यात यापुढं जात नाही. 22 जुलै 2021 ला तळिये गावावर डोंगर उतरला, तेव्हापासून या विनोदालाही निम्मेच लोक हसतात. उरलेले मान वर करून डोंगराकडं बघतात.

तर अशा मुलखात परवा रविवारी माझा भाचा आला आणि बूट काढता काढता म्हणाला, “मामा, सध्या मी हिब्रू रॉक ऐकतोय.”

भाचा एमआयडीसीत ऑपरेटर आहे. तीन पाळ्या कंपनीच्या, चौथी गिटारची. मध्यंतरी केस वाढवले होते. ते हेल्मेटात मावेनात म्हणून सेफ्टीवाल्या साहेबांनी कापायला लावले. रॉकस्टार होण्याच्या वाटेवर झालेला हा त्याचा पहिला छळ. गाणी तो स्वतः लिहितो, चाली स्वतः लावतो आणि तूर्तास ऐकतोही स्वतःच.

“हिब्रू म्हणजे ज्यू लोकांची ना रे?”

“हो.”

“मग ती मंडळी आपल्याच जिल्ह्यातली.”

भाच्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं पहाटे पाचला कोमट पाण्याचे फायदे पाठवणाऱ्या मामाकडं बघायचं असतं. “मामा, हे व्हॉट्सॲपवरचं नाही ना?”

नाही, बाबा. व्हॉट्सॲपच्या कैक शतकं आधीचं आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी बेने इस्रायल समाजाची स्वतःबद्दलची कथा आहे. गलबत नेमकं कधी फुटलं यावर विद्वानांचे वाद आहेत, ते त्यांना लखलाभ. पण माणसं इथली झाली हे नक्की. तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाण्याला हात लावायची नाहीत, म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनवार तेली’. आठवड्याची सुट्टी कटाक्षानं पाळणारा कोकणातला हा पहिला समाज असावा. बाकीच्यांना ती कळायला बँका याव्या लागल्या.

आडनावं बघा. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, चेऊलकर, नवगावकर. ही यादी मोठ्यानं वाचली तर पनवेल डेपोतली अनाउन्समेंट वाटेल. ‘बूट पॉलिश’मध्ये गोरगरीब पोरांना जीव लावणारा जॉनचाचा म्हणजे डेव्हिड, तोही याच चेऊलकरांपैकी.

“आणि हिब्रू रॉक म्हणशील,” मी भाच्याला म्हणालो, “तर तोसुद्धा जिल्ह्यात आहे. अलिबागजवळ खंडाळ्याला. प्रेषित इलियाहू हन्नबी तिथून रथात बसून वर गेले अशी श्रद्धा आहे. खडकावर घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. लोक नवस बोलतात, नवस फेडायला इस्रायलहून येतात. यापेक्षा अस्सल हिब्रू रॉक तुला कुठं मिळणार?”

“मामा, मी गिटारवाल्या रॉकबद्दल बोलतोय.”

“बोल की. गिटार काय, खडकावर बसूनही वाजवता येते.”

*

मग भाच्यानं मला शिकवलं. या वयात शिकायची एक गंमत असते. शिकवणाऱ्याला वाटतं आपण शिकवतोय, आणि आपण तेवढ्यात त्याला जेवायला थांबवून घेतो.

हिब्रूची गोष्ट मुळात चमत्कारिक. सतराशे वर्षं ही भाषा कुणाच्या घरची बोली नव्हती. प्रार्थनेत होती, पोथीत होती, पंडितांच्या पत्रात होती, पण ‘ताटात वाढ’ आणि ‘दिवा मालव’ म्हणायला नव्हती. 1881 साली एलिएझर बेन-यहुदा नावाचा एक झपाटलेला माणूस जेरुसलेमला राहायला गेला आणि त्यानं ठरवलं की घरात फक्त हिब्रू बोलायचं. पुढच्याच वर्षी मुलगा झाला. त्याच्या कानावर दुसरी भाषा पडू द्यायची नाही असा बापाचा नेम. वर्तमानपत्र, शब्दकोश, आइस्क्रीम, सगळ्याला शब्द नव्हते, ते त्यानं घडवले. घरात मूल मोठं होत होतं आणि बाप रोज नवे शब्द आणून देत होता. आपण खाऊ आणतो तसे.

आता तुलना करा. आपल्या भाषेला तेराव्या शतकातच ज्ञानेश्वर आहेत. 3 ऑक्टोबर 2024 ला तिला दिल्लीनं ‘अभिजात’ असा शिक्काही दिला. पेढे वाटून झाले. आणि इकडं महाडात तीन वर्षांच्या पोराला आई सांगते, “बेटा, काऊ बघ काऊ, ब्लॅक ब्लॅक काऊ.” पोरगं आभाळात गाय शोधतंय. बेन-यहुदाला एका मुलासाठी अख्खी भाषा उभी करावी लागली. आपल्याला ती आयती मिळाली, म्हणून आपण अख्ख्या भाषेतून एकेक मूल बाहेर काढतोय.

हिब्रू रॉकची सुरुवातही गमतीदार. 1964 साली बीटल्सना इस्रायलला बोलवायचं घाटत होतं. सरकारी समितीनं परवानगी नाकारली. कारण? तरुण पिढी बिघडेल. समित्या जगभर एकाच साच्यातून निघतात, हे आपल्याला नवीन नाही. 2008 साली त्या देशाच्या राजदूतानं दिलगिरीचं पत्र दिलं आणि त्याच वर्षी बीटल्समधला पॉल मॅकार्टनी तेल अवीवला गाऊन आला. चव्वेचाळीस वर्षांत दिलगिरी. आपल्याकडं इतक्या वर्षांत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तेव्हा त्यांचा वेग तसा बराच म्हणायचा.

पण पोरं समितीला विचारून बिघडत नसतात. 1969 मध्ये आरिक आइनस्टाइनचा ‘पूझी’ हा अल्बम आला. त्याला पहिला हिब्रू रॉक अल्बम मानतात. हा आइनस्टाइन तयार झाला कुठं, तर सैन्याच्या करमणूक पथकात! तिथले बरेचसे गायक याच पथकांतून आले. म्हणजे आपल्याकडं पोलीस बँडमधून रॉकस्टार निघावा, तसं. 2013 साली तो गेला तेव्हा तेल अवीवच्या चौकात त्याला निरोप द्यायला हजारो माणसं उभी होती. आयुष्यभर तो त्या चिमूटभर देशाच्या भाषेत गायला. इस्रायलची लोकसंख्या आज एक कोटीच्या आसपास, त्यातही अरबी बोलणारे वेगळे. आणि मराठी मातृभाषा सांगणारे 2011 च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढं भाच्याचे कान धरायला लागणार आहे.

*

भाचा ज्याच्यावर फिदा आहे त्याचं नाव दुदू तासा. जन्म 1977. कोवळ्या वयातच पहिला अल्बम, मग रॉक, मग आणखी रॉक. गाणं स्वतः लिहायचं, गिटार स्वतः वाजवायची, हिब्रूत गायचं. कमान चढती. नाव झालं, पैसा आला, गर्दी आली. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही रॉकवाल्याची असते, भाच्याचीही असेल, फक्त नाव, पैसा आणि गर्दी तेवढी यायची आहे.

पुढची गोष्ट वेगळी. दुदूच्या आईचे वडील दाऊद अल-कुवेती आणि त्यांचे भाऊ सालेह. दोघे इराकी ज्यू. एकाच्या हातात ऊद, दुसऱ्याच्या हातात व्हायोलिन. 1930-40 च्या काळात बगदादच्या रेडिओवर या भावांचा दबदबा, अरबी दुनियेतले मोठमोठे गळे यांच्या चाली गायचे. 1951 मध्ये कुटुंब इस्रायलला गेलं. तिथं कुणाला अरबी गाणं हवं होतं? शत्रूची भाषा ती. ज्यांच्या चाली चहाखान्यापासून राजवाड्यापर्यंत वाजल्या, ते तेल अवीवच्या एका गरीब वस्तीत दुकान चालवायला लागले. तिकडं इराकमध्ये त्यांची गाणी वाजतच राहिली, पण सद्दामच्या काळात नावं खोडली गेली. ‘पारंपरिक’ लिहिलं की झालं. पारंपरिक हा शब्द किती सोयीचा आहे बघा. त्याला मानधन द्यावं लागत नाही.

दाऊदनं मुलांना सांगून टाकलं की संगीताच्या वाटेला जायचं नाही. 1976 मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी नातू झाला, त्याला आजोबांचंच नाव दिलं. दाऊद, डेव्हिड, दुदू. वाटेला न जाण्याचा हुकूम नातवापर्यंत पोचायच्या आतच हुकूम देणारा गेला, हे संगीतावर उपकारच झाले.

हिब्रू रॉकमध्ये बस्तान बसल्यावर या नातवानं आजोबांच्या गाण्यांना हात घातला. जुन्या ध्वनिमुद्रणांतले आजोबांचे सूर, त्यावर स्वतःची गिटार आणि ढोल. 2011 मध्ये ‘दुदू तासा अँड द कुवेतीज’ हा अल्बम आला. या शोधावर माहितीपट निघाला त्याचं नाव ‘इराक अँड रोल’. हे नाव सुचलेल्या माणसाला मी कुठंही भेटलो तर चहा पाजीन. 2017 मध्ये हीच मंडळी अमेरिकेत रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडच्या कार्यक्रमांआधी मंचावर उभी राहिली. 2023 मध्ये रेडिओहेडच्या जॉनी ग्रीनवुडबरोबर दुदूनं वेगवेगळ्या अरब देशांतले गायक जमवून एक अल्बम केला. नावाचा अर्थ साधारण असा, की शेजारी तोच सोयरा. 2025 मध्ये ब्रिटनमधले या दोघांचे कार्यक्रम दबावामुळं रद्द झाले. शेजारी आणि सोयरा यांच्यात जेव्हा तोफा चालतात तेव्हा गाणाऱ्यालाच आधी गप्प बसवतात. आजोबा अरबी गायले म्हणून एकीकडून बेदखल, नातू इस्रायली म्हणून दुसरीकडून.

हाच ग्रीनवुड त्याआधी जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात येऊन गेला होता, शाय बेन त्सूर नावाच्या आणखी एका इस्रायली गायकाबरोबर. हा शाय हिब्रूत कव्वाली लिहितो. राजस्थानी ढोलकी, सुफी तान आणि शब्द हिब्रू. किल्ल्यात रेकॉर्डिंग. आपल्याकडं एवढे किल्ले, पण किल्ल्यावर आवाज कुणाचा? वाढदिवसाच्या केकचा आणि ब्लूटूथ स्पीकरचा.

*

“मामा, आता तुमच्या शनवार तेल्यांत असा कुणी दुदू झाला का?” भाच्यानं विचारलं. प्रश्न मार्मिक होता. माझी बहीण उगाच म्हणत नाही, पोरगं आजोळावर गेलंय म्हणून.

उलट्या दिशेनं गेलेली एक आहे. लिओरा इत्झाक. बेने इस्रायल घरातली, जन्म इस्रायलमधला. गाणं शिकायला भारतात आली, आठ वर्षं राहिली, हिंदी सिनेमात गायली. 2017 मध्ये आपले पंतप्रधान तेल अवीवला गेले तेव्हा दोन्ही देशांची राष्ट्रगीतं तिनं म्हटली. गाते हिंदीत आणि हिब्रूत. पण या मंडळींच्या आजोळची खरी पेटी बघायची, तर ती मराठी आहे आणि तिच्यावर बरीच धूळ आहे.

त्या पेटीत काय आहे? कीर्तनं! 1880 च्या सुमाराला मुंबईत बेने इस्रायल मंडळींनी हरिदासांची कीर्तनं ऐकली आणि म्हणाले, ही तर फार भारी सोय आहे. मग त्यांनी आपलीच कीर्तनं रचली. आख्यान कुणाचं, तर अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं. भाषा मराठी. साकी, दिंडी, आर्या, सगळा सरंजाम आपला. पुढं चाली नाटकातल्याही उचलल्या. फारो राजा मराठीत गुरगुरतो आणि तांबडा समुद्र ओवीच्या ठेक्यावर दुभंगतो, ही कल्पना आज कुणा तरुण दिग्दर्शकाला सुचली तर त्याला परदेशी महोत्सवात बक्षीस मिळेल. आपल्याकडं ते दीडशे वर्षांपूर्वी झालं आणि आपण अजून ‘फ्यूजन’ म्हणजे काय यावर परिसंवाद भरवतोय.

1948 नंतर ही माणसं जिल्ह्यातून उठून गेली. दिमोना, अश्दोद, बेरशेबा, लोद. बरोबर काय नेलं? मलिद्याची रीत नेली. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं आणि इलियाहू हन्नबीचं गाणं. बायकांनी गाण्यांच्या हातानं लिहिलेल्या वह्या नेल्या. तिथं गेल्यावर धर्ममार्तंडांनी यांच्याकडंच दाखला मागितला, की तुम्ही पुरते ज्यू आहात कशावरून? शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, त्याचं हे बक्षीस. रस्त्यावर उतरावं लागलं, धरणं धरावं लागलं, तेव्हा 1964 मध्ये सरकारनं मान्य केलं की होय, हे पुरते ज्यू. जातीचा दाखला काढायला तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

त्यांच्या म्हाताऱ्या मंडळींनी तिकडं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. नोहा मस्सील या मराठी कवीनं ते सांभाळलं. नातवंडं मात्र हिब्रूत हसतात, हिब्रूत भांडतात आणि हिब्रूतच गातात. साहजिक आहे, तक्रार नाही. मला फक्त एक उत्सुकता आहे. त्या दिमोनातल्या एखाद्या चौथ्या मजल्यावर एखादा पोरगा हिब्रू रॉक गात असेल आणि आतल्या खोलीतल्या कपाटात आजीची मोडी वळणाची मराठी वही असेल. त्याला अजून ठाऊक नसेल की त्यात मोशे आपल्या रायगडच्या बोलीत बोलतो.

*

“आता तुझं काढ,” मी भाच्याला म्हणालो. “एक ऐकव.”

त्यानं गिटार काढली. गाणं चांगलं होतं. हिंदीत होतं. मध्ये दोन ओळी इंग्रजीत होत्या. त्यात एक माणूस पावसात हायवेवर चालत एका ‘सिटी’कडं निघाला होता आणि त्याचं ‘दिल’ मोडलं होतं. आमच्या हायवेवर पावसात चालणाऱ्याचं आधी कंबरडं मोडतं, पण तो तपशील गाण्यात नव्हता.

“मराठीत का नाही लिहीत?”

“मार्केट नाही, मामा.”

घ्या. कोटभरही नसलेल्या मार्केटात दुदू तासाचं घर चालतं, आणि आठ कोटी तीस लाखांत भाच्याला गिऱ्हाईक मिळेना. हिशेबात मी कच्चा, पण इतका नाही.

मार्केटचं हे दुखणं नवं नाही म्हणा. पोलादपूरला हायवेपासून हाकेच्या अंतरावर कवींद्र परमानंदांची समाधी आहे. महाराजांचा चरित्रकार कवी. ‘शिवभारत’ त्यांनी संस्कृतात रचलं. त्या काळचं ते इंग्रजी. काशीपासून कांचीपर्यंत पोचावं, दरबारादरबारांत वाचलं जावं, हा हिशेब असणार आणि तो त्यांच्या जागी रास्तच होता. काव्य अपूर्ण राहिलं. इतिहासकारांना ते सोन्यासारखं आहे. पण पोलादपूरच्या स्टँडवर उतरलेल्या शंभर माणसांना विचारा. ऐंशी सांगतील, वडापाव कुठं चांगला मिळतो. पंधरा सांगतील, मुतारी कुठं आहे. उरलेले पाच महाबळेश्वरच्या गाडीची वाट बघत असतील. समाधी कुठं, हे सांगायला एखादा शिक्षकच लागेल.

आणि इकडं महाड तालुक्यात शिवथरघळ. समर्थांनी तिथं बसून दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा. बाहेर धबधबा कोसळतोय, आत काळ्या खडकाच्या पोटात एक माणूस मराठीत बोलतोय. मूर्ख कोण, आळशी कोण, अक्षर कसं काढावं, सगळं रोखठोक. खडकात बसून, परखड, रोजच्या बोलीत, प्रस्थापितांना टोले देत. भाच्या, याला रॉक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? मार्केट? घरोघरी आहे. तीन-साडेतीनशे वर्षं आवृत्ती संपत नाही.

आणि बंडखोरी हवी असेल तर वीस मार्चला चवदार तळ्यावर ये. 1927 च्या त्या दिवशी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं. आजही त्या तारखेला गावात पाय ठेवायला जागा नसते. पुस्तकांचे स्टॉल, त्यांच्या बाजूला गाण्यांचे. तळ्याच्या काठानं रात्रभर एकामागून एक गायनपार्टी. वामनदादा कर्डकांसारख्यांनी हजारो गाणी लिहिली, ती गायला ना लेबल लागलं ना मॅनेजर. गावोगावच्या जलशांनी व्यवस्थेला जे सुनावलंय, त्यापुढं लंडनचे लेदर जॅकेटवाले शाळकरी पोरांसारखे वाटतात. आणि भाषा? मराठी. कुणी विचारलं नाही मार्केट आहे का. पाणीच आपलं नव्हतं तिथं मार्केट कुठून असणार होतं?

*

हे सगळं भाच्याला ऐकवून मी विजयी मुद्रेनं पान लावायला घेतलं. तेवढ्यात आतून आई म्हणाली, “त्याला सांगतोस, आणि तुझ्या बापाचं बाड कुठं आहे ते बघितलंस का कधी?”

गप्प झालो.

माझे वडील पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतले. मुंबईत गिरणीत कामाला, आणि शक्ती-तुऱ्यात तुरेवाले शाहीर. जाखडी बघितली नसेल त्याच्यासाठी सांगतो. मधे शाहीर, ढोलकीवाला आणि कोरस बसतात. भोवती पोरं गोल धरतात, एका पायात घुंगरांची चाळ. आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. शक्तीवाला विचारणार, शिव आधी की शक्ती? तुरेवाल्यानं पुराणातला दाखला काढून त्याला गप्प करायचं, आणि दाखला नाही सापडला तर त्याच्या गावावरून, गुरूवरून, नाकावरून टोमणा मारायचा. पहाटेपर्यंत. गाणी स्वतः लिहायची, बांधायची, गायची आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं नि गुरूचं नाव ओवायचं, म्हणजे उद्या कुणी ‘पारंपरिक’ म्हणून खपवू नये. बिचाऱ्या दाऊदला ही युक्ती ठाऊक नव्हती. या नाचाला मुंबईकरांनी नाव दिलं ‘बाल्या डान्स’, का तर कोकणी चाकरमान्यांच्या कानात बाळी असायची. म्हणजे कानात डूल घालून रात्रभर गाणं, नाचणं आणि समोरच्या बँडला शिव्या घालणं, हे आमच्याकडं रॉकच्या आधीपासून चालू आहे.

बाड माझ्याकडंच होतं. महाडच्या घरात, तळमजल्यावर, ट्रंकेत. 2021 च्या जुलैत सावित्री घरात शिरली तेव्हा आम्ही आईला, सिलिंडरला आणि टीव्हीला वर नेलं. ट्रंक कुणाला आठवली नाही. चिखल निघाल्यावर बाड उन्हात ठेवलं, मग माळ्यावर टाकलं. चार वर्षं तिकडं बघितलं नाही. लिओराचं, दुदूचं, नोहा मस्सीलचं मी तुम्हाला एवढं सांगितलं ना? बापाच्या बाडाचं मला एवढंच सांगता येत होतं.

भाचा माळ्यावर चढला. बाड खाली आलं ते पानांचं राहिलं नव्हतं, वीट झाली होती. जाड पुठ्ठा, आत चिखलाचा पिवळा थर, शाई पसरून निळे डाग. स्टीलच्या पट्टीनं तो एकेक पान सोडवायला बसला. दहा पानांतलं एखादं वाचता यायचं. कुठं फक्त ‘शाहीर म्हणे’ एवढंच उरलेलं, आणि शाहीर काय म्हणे ते सावित्रीनं नेलेलं.

एका पानावर तीन कडवी धड होती. भाच्यानं ती अडखळत वाचली आणि गिटारवर काहीतरी गंभीर, डोंगरदऱ्यांतून धुकं उतरल्यासारखं वाजवायला लागला. आई भिंतीला टेकून बसली होती. दोन मिनिटं तिनं सोसलं.

“अरे, मयताला चाललायस का? उचल जरा.” आणि ऐंशीच्या घरातल्या बाईनं मांडीवर ठेका धरून ती तीन कडवी खणखणीत म्हणून दाखवली. चौथंही म्हटलं, जे पानावर नव्हतं. त्यात शक्तीवाल्याच्या नाकाचा उल्लेख होता.

भाच्याचे डोळे चमकले. फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं. “आजी, ही चाल किती जुनी? ही आपली पारंपरिक आहे ना? डोंगरातली?”

“डोंगरातली कशाची?” आई म्हणाली. “राज कपूरच्या सिनेमातली. तुझे आजोबा परळला पिटात बसून पाठ करून आले होते.”

भाचा माझ्याकडं बघायला लागला. माझं मुळांवरचं अख्खं प्रवचन राज कपूरनं पाण्यात घातलं होतं. पण खरं सांगू? तेव्हाच मला ती गोष्ट पुरती कळली. बेने इस्रायलांनी चाल हरिदासांची घेतली, नाटकातली घेतली. आरिक आइनस्टाइननं इंग्रज पोरांची घेतली, जॉनी ग्रीनवुड बगदादची घ्यायला धावला आणि माझ्या बापानं राज कपूरची. चाल उसनी चालते. सगळ्या जगाचा व्यवहार उसन्या चालीवर चाललाय. समोरच्याच्या नाकावर बोलायचं ते मात्र ज्या भाषेत आपण रोज भांडतो त्याच भाषेत जमतं. उसन्या भाषेत शिवीसुद्धा नीट बसत नाही.

भाचा दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून परत आला. पाचवं कडवं त्यानं स्वतः लिहिलं होतं. मराठीत. त्यात हायवेवर पावसात चालणारा तोच माणूस होता, पण आता तो खड्ड्यात पडत होता, आणि खड्डा कुणाचा हे विचारत होता. आईनं दोन ठिकाणी यमक दुरुस्त करून दिलं आणि शेवटच्या ओळीत भाच्याचं नाव घालायला लावलं.

“मामा, हे नीट रेकॉर्ड करायला पाहिजे. स्टुडिओ कुठं मिळेल?”

“पनवेलला असेल एखादा.”

“मग रविवारी निघू?”

निघू की. 2011 पासून त्या रस्त्याचं चौपदरीकरण चालू आहे. पनवेल येईपर्यंत दुसरा अल्बम लिहून होईल.